तीन मिनिटं

दर बुधवारी अकरा किल्ल्या.
प्रत्येकीला प्लास्टिकची टोपी: दंतवैद्याची हिरवी,
गेंटच्या नोटरीची पिवळी,
गालिचेवाल्याची लाल होती,
तिचा रंग आता माझ्या एप्रनच्या खिशात उतरलाय.

इमारतीच्या समितीचा कागद सांगतो:
हिवाळ्यात बंद घरांतले नळ
आठवड्यातून एकदा तीन मिनिटं सोडून ठेवावेत,
गरम आणि गार,
नाहीतर पाइपात रोग धरतो.
मला कागद लागत नव्हता.
पडून राहिलेलं पाणी शिळं होतं
हे कुणीही बाई सांगेल.

ऑस्टेंडचा समुद्र नोव्हेंबरात
भांडी विसळून उरलेल्या पाण्यासारखा.
तो मी अकरा वेळा बघते,
अकरा काचांतून.
तिसऱ्या मजल्यावर कठड्यानं अर्धा कापलेला,
नवव्यावर तर समुद्र नाहीच, नुसता उजेड.
जाहिरातीत छापलं होतं, 'समुद्र तुमच्या दिवाणखान्यात.'
आलाय खरा.
चादर घातलेल्या सोफ्यासमोर उभा आहे,
बस म्हणायला घरात कुणी नाही.

इथं हॉटेल बेलवेदेर होतं.
सोळाव्या वर्षी मी इथं पलंग लावायची.
चादर झटकली की वाळू पडायची
आणि वाळूवरून माणूस कळायचा:
शिंपल्यांचा चुरा असला तर मुलं,
कोरडी, पिठासारखी असली
तर बाई टेकड्यांपलीकडे गेली होती,
आणि एकटी गेली नव्हती.
पाच मजले होते. वर कौलं, कौलांवर सीगल.
म्हणजे सहाव्यापासून पुढं सगळी हवाच.
तिचा भाव तेव्हा कुणी विचारला नव्हता.
आता मी त्या हवेत उभी राहून
कुणाच्या तरी बेसिनचा नळ सोडते.

माझी खोली मागच्या गल्लीत.
हा टॉवर झाल्यापासून दुपारी दोनलाच दिवा लावावा लागतो.
बोलत नाही. पगार त्याच टॉवरचा.
आमचा आल्बेरिक तीस वर्षं ट्रॉलरवर होता, तो म्हणायचा,
समुद्र बघायचे पैसे मोजतात होय?
मला त्याच्याकडे पाठ करायला कुणी
एक छदाम दिला असता तर!

सातव्यावर मात्र हिवाळाभर उजेड असतो.
म्हातारे देपोर्तर, रुसेलारेचे,
गोठवलेल्या मटारात पैसा केला.
स्वयंपाकघराच्या फरश्या बायकोनं निवडल्या, मारिएतनं,
आणि फरश्या बसायच्या आत ती गेली.
मागच्या वर्षी त्यांच्या बाल्कनीत एक निळा टॉवेल वाळत होता.
दर्शनी बाजूला कपडे वाळत घालायला मनाई,
कलम चौदा. नोटिशीसोबत फोटो जोडला होता.
मीटिंगमध्ये त्या टॉवेलवर वीस मिनिटं गेली.
ते काही बोलले नाहीत.
टॉवेल आत घेतला, बस्स.

गेल्या बुधवारी लिफ्टचं दार उघडलं तर समोर उभे,
घरातच, पण बुटांना पॉलिश.
'गोदेलीव्ह, माझ्याकडचेही नळ सोडाल?'
'तुम्ही तर राहता इथं.'
'हो. पण एक न्हाणीघर आहे, तिकडचं.
तिकडे मी जात नाही.'

साबण अजून कागदात होता.
आरशावरची कंपनीची चिकटपट्टीसुद्धा कुणी काढली नव्हती.
मी नळ फिरवला. तो खोकला,
दोनदा थुंकला तांबूस,
मग लागली धार.
ते दाराबाहेर थांबले, मनगटावरच्या घड्याळात बघत,
आत न बघता.
खालून किनाऱ्याची ट्राम गेली, भिंत जराशी थरथरली.

'झाली तीन,' मी म्हटलं.
'माझं घड्याळ मागं आहे,' ते म्हणाले.

मग मी टबाच्या काठावर बसले.
पाणी चालू होतं.